अण्णांच्या ठेवी आणि मॅकेन यांचे मित्र

एडिसन, न्यू जर्सी
१९ ऑक्टोबर २००८

प्रिय मित्रा,

अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅट ओबामा बरे की रिपब्लिकन मॅकेन, यावरून वाद होऊन परवा तू रागाने फोन ठेवलास, तेव्हापासून मला चैन नाही. फोनवर आवाज चढतो आणि मुद्दा राहून जातो, म्हणून पत्रच लिहितोय.

माणूस संगतीवरून ओळखावा, असं तू म्हणालास. ओबामा शिकागोत ज्या बिल एअर्सबरोबर एका संस्थेच्या मंडळावर बसले, त्याच्या संघटनेने बॉम्ब ठेवले होते, मग अशा माणसाच्या हाती देश द्यायचा का, असा तुझा सवाल. संगत पाहावी हे मलाही मान्य आहे. पण त्या संघटनेने १९७२ साली पेंटॅगॉनमध्ये स्फोट केला तेव्हा ओबामा दहा वर्षांचे होते. आज एअर्स विद्यापीठात शिकवतो. त्याच्या ओळखीमुळे माझ्या पगाराला किंवा कुणाच्या घराच्या हप्त्याला काय फरक पडला, ते मला सांग.

आता दुसरी संगत बघ. चार्ल्स कीटिंग नावाच्या धनाढ्य बिल्डरची कॅलिफोर्नियात लिंकन नावाची बचतसंस्था होती. तिच्या शाखांमधून त्याने आपल्या मूळ कंपनीचे रोखे विकले. घेणाऱ्यांत म्हातारी माणसं खूप होती. १९८७ मध्ये सरकारी तपासनीस लिंकनच्या मागे लागले, तेव्हा पाच सिनेटर कीटिंगच्या बाजूने त्यांना भेटायला बसले, आणि त्या पाचांत मॅकेन होते. कीटिंगकडून त्यांच्या निवडणूक निधीत लाखावर डॉलर आले होते. १९८९ ला सगळं कोसळलं आणि वीसेक हजार लोकांचे रोखे मातीमोल झाले. हे वाचताना मला आपल्या गावची ती पतसंस्था आठवली. तिच्या दारातली कोनशिला डोळ्यांसमोर आण, वर कुणाकुणाची नावं कोरली होती! अण्णांनी निवृत्तीचे पैसे तिथे ठेवले ते ती नावं वाचूनच ना? मी मोजतो ती संगत ही. सिनेटच्या समितीने मॅकेन यांना फक्त समज कमी पडल्याचा ठपका दिला आणि त्यांनीही आपली चूक मानली, हे मी लपवत नाही.

आणि हाच काटा ओबामांनाही लावायला हवा. त्यांच्या सल्लागारांत रॉबर्ट रुबिन आहेत. बँकांवरची जुनी बंधनं सैल झाली त्या काळात ते अर्थमंत्री होते आणि पुढे सिटीग्रुपमध्ये गेले. तिकडे मॅकेन यांचे सल्लागार राहिलेले माजी सिनेटर फिल ग्रॅम, ती बंधनं सैल करणाऱ्या १९९९ च्या कायद्यावर त्यांचंच नाव आहे. याच ग्रॅमनी जुलैमध्ये मंदी लोकांच्या मनात आहे, देश रडतराऊ झालाय, असं म्हटलं. १५ सप्टेंबरला लेहमन ही बडी बँक बुडाली, त्याच दिवशी मॅकेन म्हणाले की अर्थव्यवस्थेचा पाया भक्कम आहे. माझ्या निवृत्ती खात्याचा तिमाही हिशेब आला तेव्हा हिने ते पाकीट दोन दिवस फ्रिजवर तसंच ठेवून दिलं होतं.

बुधवारी ओबामा-मॅकेन वादसभेत 'जो द प्लंबर'चं, म्हणजे ओबामांना करवाढीबद्दल जाब विचारणाऱ्या ओहायोतल्या माणसाचं, नाव सारखं येत होतं. कोपऱ्यावरच्या दुकानाचा गुजराती मालकही त्यामुळे घाबरला होता. त्याच्या बिलाच्या मागेच आम्ही हिशेब मांडला. करपात्र उत्पन्न २ लाख ८० हजार धरलं, तरी ओबामांची करवाढ अडीच लाखांच्या वरच्या ३० हजारांवर, दर ३३ चा ३६ टक्के. म्हणजे वर्षाला सुमारे ९०० डॉलर. तो म्हणाला, "बस, इतकंच?" मॅकेन आरोग्यविम्यासाठी कुटुंबाला करात ५ हजार डॉलरची सूट देऊ म्हणतात, पण कंपनी भरते तो हप्ता करपात्र उत्पन्नात धरतात. नोकरी गेली की विमा जातो, ही धास्ती मात्र त्याने जात नाही.

तरी मॅकेन यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. मिनेसोटातल्या सभेत एक बाई ओबामांना अरब म्हणाली, तेव्हा त्यांनी मान हलवत तिच्या हातून माईक घेतला आणि ओबामा सभ्य, कुटुंबवत्सल माणूस आहेत असं सांगितलं. त्यांचेच लोक त्यांना हुर्यो करत होते रे. आज सकाळी माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी रिपब्लिकन असूनही ओबामांना पाठिंबा दिला, आणि एअर्सवरून चाललेला गदारोळ त्यांनाही पटलेला नाही.

माझ्याकडे ग्रीन कार्डच आहे, त्यामुळे ४ नोव्हेंबरला मला मत नाही. असतं तर ओबामांना दिलं असतं.

लक्ष्मीपूजनाला फोन करतो, उचल. आणि अण्णांना विचार, त्या ठेवींच्या पावत्या अजून ट्रंकेत आहेत का.

तुझाच,
बाळ्या