अण्णांनी मफलर फाईलसाठी सोडला होता : केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय आरोग्य मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,

सादर नमस्कार. पत्र मराठीत आहे. आपल्या कार्यालयात मराठी येणारं कुणी नसेल तर कुणाकडून तरी वाचून घ्यावं. रुग्णालयाचे इंग्रजी कागद मीही असेच दुसऱ्याकडून वाचून घेतले, पण ते सही करून आठ महिने झाल्यावर.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत ३३ वर्षं शिक्षक होते. वय ७१. तंबाखू खायचे, ते लपवत नाही. गेल्या वर्षी डाव्या गालात आतून जखम झाली, ती भरेना. तुकडा तपासायला दिला आणि कॅन्सर निघाला. शहरातल्या एका खासगी रुग्णालयात डाव्या बाजूचा जबडा काढला, पायाचं हाड घेऊन तिथे बसवलं. मग रेडिएशनचे ३० शेक. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांच्या हाताला मी नावं ठेवत नाही. अण्णांचा जीव त्यांनीच वाचवला.

ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या तपासणीला ड्रेसिंगच्या खोलीत एक मुलगा आला. मोबाईल आणि गोल दिवा घेऊन. म्हणाला, ''काका, मफलर काढा, फाईलसाठी फोटो घ्यायचाय.''

अण्णा आईसमोरसुद्धा मफलर सोडत नाहीत. वैशाखातही नाही. जेवतात ते भिंतीकडे तोंड करून, मांडीवर रुमाल घेऊन, कारण लाळ आवरत नाही. त्या मुलासमोर त्यांनी मफलर सोडला, कारण फाईल म्हणजे उपचार. उजेड नीट पडेना म्हणून मी स्वतः त्यांची हनुवटी धरून दिव्याकडे वळवली.

दिवाळीनंतर त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुंबईहून फोन आला. ''गुरुजींचा व्हिडिओ बघितला. बरे आहेत ना?'' २२ सेकंदांचा व्हिडिओ. आधीचा चेहरा, नंतरचा चेहरा, मागे गाणं. खाली लिहिलेलं, 'आम्ही हसू परत आणतो', आणि अपॉइंटमेंटचा नंबर. साहेब, अण्णांचं तोंड आज दोन बोटंसुद्धा उघडत नाही. ते हसलेले नाहीत.

डोळ्यांवर काळी पट्टी होती. पण लहानपणी टोचलेली, पुढे फाटलेली उजव्या कानाची पाळी दिसत होती. आमच्या गावच्या शिंप्याने शिवलेली कॉलर दिसत होती. आणि हनुवटीखाली माझा हात होता, अंगठीसकट. ज्यांना अण्णांनी बाराखडी शिकवली, त्यांना ओळखायला डोळे कशाला लागतात? चार दिवसांत तो व्हिडिओ गावातल्या प्रत्येक ग्रुपवर होता. रोज सकाळी वाचनालयात जाऊन पेपर वाचणारा माणूस त्या दिवसापासून उंबऱ्याबाहेर पडलेला नाही. पेपर घरी आणून दिला तर म्हणतात, ''ठेव तिकडे.''

रुग्णालयात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी ११ पानी इंग्रजी संमतीपत्र पुढे केलं. नवव्या पानावर फोटो 'प्रसिद्धीसाठी' वापरायची परवानगी, खाली माझी सही. ती मी सकाळी साडेसहाला केली होती, अण्णांना स्ट्रेचरवर घेतलेलं असताना. त्या वेळी कोऱ्या कागदावरही केली असती. १९ दिवस हेलपाटे घातल्यावर त्यांनी व्हिडिओ उतरवला. तोवर व्हायचं ते झालं होतं. गेल्या आठवड्यात अण्णांचा तोच चेहरा एका जडीबुटीवाल्याच्या जाहिरातीत आला: 'कॅन्सर बिनाऑपरेशन बरा'. कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी ती चालू आहे आणि तीत माझे वडील आहेत. हे पत्र त्यासाठी.

आता तुमच्या नियमांबद्दल. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम मी वाचले. डॉक्टरने जाहिरात करून पेशंट ओढू नयेत, असं त्यात आहे. कलम ७.१७ म्हणतं, ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचा फोटो त्याच्या परवानगीशिवाय छापू नये, आणि ओळख उघड होणार नसेल तर परवानगीची गरज नाही. पळवाट इथेच आहे. ओळख पटते की नाही हे ठरवणार कोण? काळी पट्टी लावणारा पोरगा?

२ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम काढले. समाजमाध्यमांवर रुग्णांचे फोटो टाकणं टाळावं, बऱ्या झालेल्या रुग्णांची चित्रं आणि ऑपरेशनचे व्हिडिओ दाखवू नयेत, लाइक आणि फॉलोअर विकत घेऊ नयेत. त्यात असंही होतं की एकदा फोटो तिथे गेला की तो त्या कंपनीच्या नाहीतर लोकांच्या मालकीचा होतो. जडीबुटीवाल्यापर्यंतचा रस्ता तुमच्या आयोगाला दिसला होता! आणि २१ दिवसांत, २३ ऑगस्टला, सगळे नियम स्थगित. डॉक्टरांच्या संघटनांचं मोठं भांडण जेनेरिक औषधं, म्हणजे कंपनीच्या नावाऐवजी मूळ नावाची औषधं, लिहून द्यायच्या सक्तीवर होतं. ते भांडण तुम्ही आणि त्यांनी मिटवायचं होतं. सुक्याबरोबर ओलं जाळलंत. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं होतं. त्याला सहा वर्षं व्हायला एक दिवस कमी असताना तुम्ही माझ्या बापाच्या चेहऱ्यावरचं पांघरूण काढून घेतलंत.

तक्रार करा म्हणाल. केली. जिथे करायची तिथे, रजिस्टर पोस्टाने. २००२ च्याच नियमांत सहा महिन्यांत निकाल द्यावा असं लिहिलंय. पोचपावतीपलीकडे अजून काही आलेलं नाही. आणि समजा निकाल विरुद्ध गेला तर? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्याचं कलम ३० म्हणतं की राज्याच्या वैद्यकीय परिषदेच्या निर्णयावर अपील डॉक्टरने करायचं. रुग्णाचं नावच नाही तिथे. आधी होती ती सोय. दुखणं आमचं, चेहरा आमचा, आणि वरच्या दारात उभं राहायचा हक्क फक्त त्यांचा. हा कसला न्याय? तंबाखूच्या पुडीवर ८५ टक्के जागेत सडलेल्या तोंडाचं चित्र छापायला लावता आणि तीच पुडी कोपऱ्याकोपऱ्यावर विकू देता. सरकारी रुग्णालयात जबड्याच्या ऑपरेशनला नंबर लागेपर्यंत माणूस राहत नाही, म्हणून आम्ही खासगीत जातो, जमीन गहाण टाकून. तिथे बिलही भरायचं आणि वर त्यांची जाहिरातही व्हायचं.

एक गोष्ट लपवली तर हे पत्र खोटं ठरेल. हे रुग्णालय आम्ही निवडलं ते असाच एक व्हिडिओ बघून. कुणातरी म्हाताऱ्याचा जबडा, आधी आणि नंतर. मीच तो अण्णांना दाखवला. म्हटलं, ''बघा, किती छान झालाय.'' त्या माणसाने कुणासमोर आणि काय समजून तोंड उघडं केलं असेल, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. तालुक्याच्या माणसाला चांगला सर्जन कुठे आहे हे कळायचा दुसरा मार्ग तुम्ही ठेवलेला नाही. कुठल्या रुग्णालयात अशी किती ऑपरेशनं होतात, किती यशस्वी होतात, हे सरकारने छापलं तर कुणाचा चेहरा कशाला लागेल?

माझं मागणं मोठं नाही. २०२३ च्या नियमांतला समाजमाध्यमांचा भाग वेगळा काढून लागू करा, जेनेरिकचं तुम्ही निस्तरा. फोटोची संमती वेगळ्या कागदावर, रुग्णाच्या भाषेत, ऑपरेशनच्या सकाळी नव्हे, आणि कधीही मागे घेता येईल अशी असावी. कलम ३० मध्ये रुग्णाला अपील द्या. आणि ती जडीबुटीची जाहिरात आज उतरवा, आज.

अण्णांची पुढची तपासणी याच महिन्यात आहे. गळ्यात डाव्या बाजूला गाठ लागतेय, ती मी बोटाने चाचपून बघितली आहे. ती दाखवायची तर मफलर सोडावा लागणार. अण्णा यायला तयार नाहीत.

आपला,
एका निवृत्त शिक्षकाचा मुलगा
तालुका सांगोला, जिल्हा सोलापूर

(नाव मुद्दाम दिलेलं नाही. नावावरून चेहरा सापडतो.)