कणसाला पिशवी नव्हती

हैदराबाद,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय दत्त्या,

आठ महिने फोन नाही, पत्र नाही, दिवाळीला पाठवल्या त्या शुभेच्छाही फॉरवर्ड केलेल्या. शिव्या द्यायच्या तर सगळं वाचून झाल्यावर एकदम दे. तब्येत बरी आहे. शुगर काठावर, आईचे गुडघे होते तसेच. आता ऐक, कारण त्या दिवशी शेतात आपण दोघंच होतो आणि हे दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही.

पाणंदीकडच्या पट्टीतलं ते ज्वारीचं कणीस आठवतं? काढणी चालू होती, शेंगदाण्याची चटणी-भाकरी खाऊन उठलो आणि जाता जाता मी एक कणीस मोडलं. तू म्हणालास, "पिशवी घातली नव्हती रं त्याला." मी म्हणालो, "एका कणसानं काय होतंय." दहा दाणे कागदाच्या पुडीत बांधून घेतले. उरलेलं कणीस काकूंनी तुळईला टांगलं.

आमच्या बियाणे कोठीत शुद्ध मालदांडी ज्वारी होती, कणसांना रीतसर पिशवी घालून, परका पराग लागू न देता वाढवलेली. पण माझ्या डोक्यात तू होतास. २००९ च्या जानेवारीत ज्वारीचा पहिला जीनोम, म्हणजे डीएनएतली सगळी अक्षरं, छापून आला तेव्हा सेमिनारमध्ये मागच्या बाकावरून तूच ओरडला होतास, "सर, ह्यात आमची मालदांडी कुठंय?" नव्हतीच. तो बीटीएक्स ६२३ नावाचा टेक्सासचा वाण. तेव्हापासून ठरवलं होतं की आपली करायची, आणि करायची तर मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली. २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तू पेढे वाटलेस, मी हे करायला घेतलं.

म्हणून नोंदवहीत मी लिहिलं : 'स्वपरागित, ३ पिढ्या.' म्हणजे तीन पिढ्या स्वतःच्याच परागावर वाढवलेलं. दत्त्या, तीन शब्द. कॉलेजात पिशव्या घालायला उशीर केला म्हणून तू माझ्याशी चार दिवस बोलला नव्हतास. ज्वारी मध्यरात्रीनंतर फुलते, कणसाच्या शेंड्यापासून खाली उतरत जाते, तुझ्यासाठी झोपून राहत नाही, असं मला ऐकवलं होतंस. तेव्हा मी तुला म्हातारी म्हणालो होतो. शब्द परत घेतो.

तर झालं असं. दहा दाणे पेरले, दहाही उगवले. त्यातलं सगळ्यांत तरारलेलं रोप मी निवडलं, दोन दिवस अंधारात ठेवलं, कोवळी पानं द्रवरूप नायट्रोजनमध्ये कुटली. डीएनए बघून सगळे खूश, लांबच लांब धागे. ज्वारीचा जीनोम साधारण ७३ कोटी अक्षरांचा, गुणसूत्रांच्या १० जोड्या. गव्हाचा १६०० कोटींच्या घरात, त्यात तीन-तीन जीनोम एकत्र, तो नीट जोडलेला २०१८ ला हाती आला. त्यामानानं आपलं पीक गरीब, म्हणून सहा महिन्यांत देतो म्हणून बसलो होतो. यंत्र एका वेळी १५-२० हजार अक्षरांचे तुकडे वाचतं आणि ते एकमेकांवर जिथं चढतात तिथं जोडायचे. अडचण एवढीच की ज्वारीतली साठेक टक्के अक्षरं पुन्हा पुन्हा येणारी. काकूंच्या भजनासारखं समज : प्रत्येक कडव्यानंतर तेच ध्रुपद, फाटका कागद हातात आला आणि त्यावर ध्रुपदच असलं तर तो कोणत्या कडव्यापाशी लावायचा? तुकडा ध्रुपद ओलांडून पलीकडच्या कडव्यात गेला तरच कळतं.

पण जोडायच्या आधी एक आलेख काढतात. २१-२१ अक्षरांचे शब्द करायचे आणि कोणता शब्द किती वेळा आला ते मोजायचं. आम्ही सगळं तीसेक वेळा वाचलं होतं. शुद्ध वाण असेल तर तिशीच्या आसपास एकच उंचवटा. माझ्याकडे दोन आले. दुसरा बरोबर पंधराच्या जवळ. म्हणजे त्या उंचवट्यातले अर्धे शब्द फक्त आईकडचे, अर्धे दुसऱ्या कुणाचे. रोप संकरित आहे, दत्त्या! ज्वारीत शंभरात पाच-दहा दाणे परके निघतातच, आणि मी दहांतून नेमकं तेच उचललं. का, तर तरारलेलं होतं. संकरित जोम, संकराचं रोप आईबापांपेक्षा जोरात वाढतं ते! ज्या विषयात मला त्र्याऐंशी मार्क पडले तोच. हस आता.

आणि परागकण कुठून आले ते तुला ठाऊक आहेच. बांधापलीकडून. एक वीत बांध कोरला म्हणून तू बापूंच्या पोराला कोर्टात खेचलंस, वाऱ्यावरून आलेल्याची केस कुठं लावायची ते वकिलाला विचार.

इथवर हसण्यासारखं होतं. पुढचं नाही. आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडमना वाटलं लॅबमध्ये नळ्यांची अदलाबदल झाली. डीएनए काढणारी पोर नवीन आहे, नांदेडकडची, हात फार चांगला आहे तिचा. तीन आठवडे ती तेच काम पुन्हा पुन्हा करतेय. परवा स्टोअरमध्ये रडत होती. शुक्रवारी मॅडमनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "सेल्फिंग किती पिढ्या?" आणि मी म्हणालो, तीन. ती पोर तिथंच उभी होती. शनिवारी मी तिला चहा पाजला. ह्याला काय म्हणतात मला माहीत आहे, तू सांगू नकोस.

गंमत म्हणजे काम वाया गेलेलं नाही. आताच्या पद्धतीत आईकडचा आणि बापाकडचा संच वेगळा करता येतो, त्यातला मालदांडीचा कोणता ते ओळखायला त्याच कणसातले शुद्ध दाणे लागतील. हे गुपचूप करून टाकता येईल, नोंदवही कुणी उघडणार नाही, असं शुक्रवार रात्रभर मनात घोळवलं. मग तुझा तो पहाटेचा चेहरा आठवला, काखेत पिशव्यांचा गठ्ठा. उद्या दहा वाजता मॅडमच्या खोलीत जातोय. आधी त्या पोरीला सांगणार आहे. भीती वाटतेय रे.

तुझं बोअरवेलचं काय झालं? वहिनींची अंगणवाडीची ऑर्डर निघाली का? चिंगीला दहावीला गणित अवघड जात असेल तर मे महिन्यात इकडे पाठव, माझ्याकडून काहीतरी चांगलं होईल. इथं जोन्न रोट्टे म्हणून आपली भाकरीच मिळते, बरी असते, पण काकूंसारखी फुगत नाही.

दामाजीपंतांनी आख्खं कोठार उघडलं होतं, मी एकच कणीस मागतोय. तुळईचं ते अजून असेल तर आहे तसंच कुरिअर कर, दाणे झाडू नकोस. काकूंनी राख किंवा औषध लावलं असेल तर चिठ्ठीत लिही.

तुझा,
शिऱ्या

ता. क. बापूंच्या पोराला विचार, त्या वर्षी पलीकडं कोणतं बी पेरलं होतं. पिशवीवरचं नाव मिळालं तर फारच बरं. आणि भांडण न काढता विचार, एवढं एकदा माझ्यासाठी.