पहिला मान नतालिया लावरोवाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला रिदमिक जिम्नॅस्टिक्सवरचा, म्हणजे रिबन, हूप (कडी), बॉल, क्लब (दांडुके) घेऊन संगीतावर खेळल्या जाणाऱ्या जिम्नॅस्टिक्सवरचा, लेख आम्ही घरात सगळ्यांनी वाचला. मराठी वर्तमानपत्रात या खेळाला अर्धे पान मिळाले, याचा आनंद आहेच. मात्र एक चूक दुरुस्त व्हायला हवी. या खेळात दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणारी पहिली खेळाडू म्हणून लेखात येवगेनिया कानायेवाचे नाव आहे. २००८ आणि २०१२ अशी लागोपाठ दोन वैयक्तिक सुवर्णे जिंकणारी पहिली तीच, यात वाद नाही. पण तिच्या आधी सिडनीत २००० साली आणि अथेन्समध्ये २००४ साली नतालिया लावरोवाने हे करून दाखवले होते. ती सांघिक प्रकारात खेळायची, एवढ्याच कारणाने तिचे नाव गळते.

लावरोवा रशियातल्या पेन्झा शहराची. सिडनीत उतरली तेव्हा जेमतेम सोळा वर्षांची. तिथे रशिया आणि बेलारूस, दोन्ही संघांचे गुण सारखेच झाले, ३९.५००. टायब्रेकवर सुवर्ण रशियाला गेले. इतक्या अटीतटीत पाचांपैकी एकीच्या हातून एखादा क्लब निसटला असता, तरी पदकाचा रंग बदलला असता. १९९६ मध्ये अटलांटात हा सांघिक प्रकार ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आला, तेव्हा सुवर्ण स्पेनचे होते आणि रशियाला कांस्यावर थांबावे लागले होते. सिडनीपासून २०१६ च्या रिओपर्यंत रशियाने हे सुवर्ण सोडले नाही. त्या पाच सुवर्णांतल्या पहिल्या दोन्ही संघांत लावरोवा होती.

सांघिक प्रकार सोपा, जबाबदारी वाटली जाते, असे अनेकांना वाटते. माझी मुलगी ठाण्यात हा खेळ शिकते, म्हणून संध्याकाळी मी हॉलच्या कडेला बसून असते. तेरा मीटर लांब-रुंद मॅटवर पाच मुली आणि प्रत्येकीच्या हातात सहा मीटरची रिबन. एकीने रिबन उंच फेकायची, दुसरीने ती न बघता जागेवर पोहोचायचे. मागच्या आठवड्यात एका रिबनला गाठ पडली, ती सोडवताना त्या मुलीची बोटे थरथरत होती आणि बाकीच्या चौघी गप्प उभ्या होत्या. अथेन्समध्ये रशियाच्या सादरीकरणाचा एक संच नेमका पाच रिबनांचाच होता. दुसरा तीन हूप आणि दोन बॉल यांचा. एकटीची चूक एकटीला भोवते, इथे ती पाचही जणींच्या माथी बसते.

खेळ थांबवल्यावर लावरोवा प्रशिक्षणाकडे वळली होती. २३ एप्रिल २०१० रोजी मोटार अपघातात ती गेली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी. पुढे येलेना पोसेविना आणि अनास्तासिया ब्लिझन्युक यांनीही संघातून दोन-दोन सुवर्णे मिळवली. ब्लिझन्युक आणि रिओतल्या सुवर्णसंघातली तिची जोडीदार अनास्तासिया मॅक्सिमोवा तर टोकियोतही खेळल्या आणि रौप्य घेऊन परतल्या. यांतले एकही नाव लेखात नाही. सर्वत्र फक्त ‘रशियाचा संघ’.

क्रिकेटच्या सामन्यात अकराही जणांची नावे आपण छापता. या खेळात मॅटवर पाचच जणी असतात, तेवढी जागा निघावी. आणि दुरुस्ती छापाल तेव्हा नाव पूर्ण छापावे, नतालिया लावरोवा, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, ठाणे