माहेरचा गणपतीही घरचाच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती जवळ आले की आमच्या घरात कुरकुर सुरू होते: 'पोरं मोठी झाली, आता गावाला यायला नको त्यांना.' इतरांकडेही होत असेल, म्हणून हे पत्र.

आमचं गाव कणकवलीजवळ. चार भावांचा मिळून एकच गणपती, पाच दिवसांचा. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, त्याआधी आम्ही जावा रात्रीच्या एसटीने मांडीवर पोरं घेऊन जायचो. घरात पोरं नऊ आणि झांजांचे जोड दोन. आरतीआधी रोज मारामारी. शेवटी सासऱ्यांनी बाजारातून तिसरा जोड आणला, तर 'नवा कोणाचा' यावरून जुंपली! माटवीसाठी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या लाकडी चौकटीसाठी, रानातली कवंडळं, हरणाची फुलं, आंब्याच्या डहाळ्या आणायचं काम पोरांचंच. यायची ती चिखलाने माखून. गेल्या वर्षी माटवीचं सामान विकत आणलं आणि तिन्ही जोड खुंटीवरच राहिले. आरतीला आम्ही सात जण, सगळे पन्नाशीपुढचे. गिरकी घेताना एकमेकांना धरत होतो.

दहावी-बारावी, क्लास, नोकरी हे चालायचंच. दुबईच्या पुतण्याला रजा मिळाली नाही, त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही. राग निघतो सुनांवर. माझी सून गेल्या चतुर्थीला सावंतवाडीला आईकडे गेली, मुलगाही तिच्याबरोबर गेला. 'घरचा गणपती सोडून?' अहो, ती एकुलती एक लेक. तिकडे मोदक वळायला तिची आई एकटी.

मी हे बोलते, कारण लग्नानंतर 33 वर्षं मी माहेरचा गणपती बसलेला पाहिलेला नाही. माहेर कुडाळला, तासाभराच्या वाटेवर. पण गौरीला सूप वाहतात त्या ओवशाला मी सासरी हवी, मोदकांना हवी, भजनी मंडळी आली की काळ्या वाटाण्याच्या उसळीला हवी. विसर्जन उरकून माहेरी पोचायचे, तेव्हा रिकामा पाट आणि सुकलेली माटवी. आईने माझ्यासाठी ठेवलेल्या करंज्या तेवढ्या असायच्या. तेव्हा कुटुंब तुटतंय असं कोणाला वाटलं नाही.

म्हणून मी घरात सांगून टाकलंय, मुलगा-सून एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. जाऊबाई 'बघू' म्हणाल्या. बघायला फार वेळ नाही. रेल्वेचं आरक्षण आता 120 नव्हे, 60 दिवस आधी सुटतं. यंदा अधिक महिन्यामुळे चतुर्थी 14 सप्टेंबरला, म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंत ठरवायला हवं. माझं ठरलंय. चतुर्थीला मी कुडाळला भावाकडे, गौरीला कणकवलीत हजर.

'मग पहिल्या दिवशीचे मोदक कोण वळणार?' असं धाकट्या दिरांनी विचारलं. त्या नऊ पोरांत पाच मुलगे आहेत. लहानपणी शाडूचे उंदीर छान वळायचे.

- एक गृहिणी, डोंबिवली (पूर्व)