नऊ चौकोनांची गोधडी

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेत शाळांमध्ये गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना वेगळं ठेवणं बेकायदा ठरवणाऱ्या ब्राउन खटल्यावरच्या तुमच्या वर्गाच्या गोधडीचा आराखडा पाहिला. मधोमध न्यायालयाचे खांब आणि भोवती नुसती लिंडा ब्राउन, म्हणजे जिच्या वडिलांच्या नावाने खटला ओळखला जातो ती मुलगी, हे बदला. तो एकट्या टोपेकाचा (कॅन्सस राज्यातल्या तिच्या गावाचा) खटला नव्हता, पाच ठिकाणचे लढे त्यात जोडले गेले होते. गोधडीत ते जोडकाम दिसलंच पाहिजे.

मध्यभागी व्हर्जिनिया घ्या. फार्मव्हिलच्या मोटन शाळेत कृष्णवर्णीय मुलांना डांबरी कागदाच्या शेडमध्ये बसवत. १६ वर्षांच्या बार्बरा जॉन्सने एप्रिल १९५१ मध्ये तिथे संप घडवला. शेडसाठी जाडंभरडं काळं सुती कापड घ्या आणि त्यावर आडवा धावदोरा घाला. ते आधी गार पाण्यात, पाणी नितळ येईपर्यंत धुवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात शेजारचं पांढरं राखाडी होईल.

कॅन्सससाठी रेल्वेचे रूळ, कारण लिंडा रेल्वे यार्डातून चालत बस गाठायची. साउथ कॅरोलिनाला शाळेची बस, तिथे आधी मागणीच बसची होती. डेलावेअरला उघडं दार, कारण पाचांत तिथेच पालक आधी राज्याच्या कोर्टात जिंकले होते. राजधानी वॉशिंग्टनच्या खटल्याचा निकाल ब्राउनच्याच दिवशी लागला, पण वेगळा लिहिला गेला. तो चौकोन कोपऱ्यात ठेवून त्याच्या दोन पट्ट्या वेगळ्या रंगाच्या लावा. उरलेल्या चारांत १८९६ च्या प्लेसी खटल्याचा (ज्यात कोर्टाने ‘वेगळे पण समान’ चालतं असं ठरवलं होतं) रेल्वेचा डबा, १७ मे १९५४ चा एकमुखी निकाल, १९५९ ते १९६४ प्रिन्स एडवर्ड काउंटीच्या (फार्मव्हिल इथलंच) सरकारी शाळांना लागलेलं कुलूप, आणि बाहुल्या.

बाहुल्या जपून करा. क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने कृष्णवर्णीय मुलांना गोरी आणि काळी बाहुली दाखवून कुठली आवडते ते विचारलं होतं. त्या बाहुल्या रंग सोडला तर हुबेहूब सारख्या होत्या, म्हणून तर मुलांच्या निवडीला अर्थ होता. दोन्ही एकाच पुठ्ठ्याच्या फर्म्यावरून कापा, डोळ्यांचे टाकेसुद्धा मोजून तेवढेच. दोघींनी आपापल्या अंदाजाने केल्या तर एक गोड होईल, एक ओबडधोबड, आणि सगळा मुद्दाच जाईल.

प्रत्येकाला साडेतेरा इंचांचं कापड द्या. भरतकामाने कापड आक्रसतं. काम झाल्यावर साडेबारावर छाटा, पाव-पाव इंच शिवणीत जाऊन बारा उरतील. मधल्या पट्ट्या शिवून दोन इंच, बाहेरची किनार तीन इंच, म्हणजे गोधडी ४६ इंच चौरस. अस्तर आणि आतला कापसाचा थर ५४ इंच. इस्त्रीने चिकटणाऱ्या जाळीच्या कागदावर १९५४ उलटं काढा. सुलटं काढलंत तर कापडावर आरशातल्यासारखं येईल.

अस्तर जमिनीवर ताणून चिकटपट्टीने बसवा, वर कापूस, वर गोधडी. वीतभर अंतरावर सेफ्टी पिना लावून मधूनच टाके घालायला सुरुवात करा. कडेपासून निघालात तर सगळ्या चुण्या शेडच्या छपरावर गोळा होतील. काठाला अडीच इंची पाच पट्ट्या पुरतात. काठ लावण्याआधी उलट्या बाजूचा फोटो पाठव, चुण्या आधी तिथेच दिसतात.

तुझी,
आई