मा. शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र: अंतर्गत गुण वेगळ्या रकान्यात छापा

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

गेल्या जूनमध्ये एका संध्याकाळी आइंडहोवनच्या आमच्या गल्लीत पाच घरांवर झेंडे लागले. झेंड्याच्या काठीला शाळेचं दप्तर लटकवलेलं. नेदरलँड्समध्ये मूल शालान्त परीक्षा पास झालं की दाराशी असं दप्तर टांगतात. साताऱ्याहून आलेली माझी आई खिडकीतून बघत म्हणाली, "अगं, ही तर दप्तराची गुढी!" आमची मुलगीही पास झाली होती, पण घरात झेंडा नव्हता. तो शेजारच्या आजोबांनी दिला. बंद न होणारी दप्तराची चेन आईने पिशवीची नाडी बांधून आवळली.

मग गुणपत्रक हातात आलं. प्रत्येक विषयापुढे शाळेने दिलेले गुण वेगळे, केंद्रीय परीक्षेचे वेगळे आणि दोन्हींचा मिळून अंतिम गुण वेगळा. गणितात शाळेचे 7.4, केंद्रीय परीक्षेचे 6.8, अंतिम 7. हे दहापैकी. इथे म्हणच आहे की दहा देवाचे, नऊ मास्तरांचे. त्यामुळे सात म्हणजे चांगलेच, पण हे फोनवर नातेवाइकांना पटवताना माझी दमछाक झाली.

मंत्रिमहोदय, पत्र लिहायला बसले ती या रकान्यांमुळे.

इथे अंतिम निकालात निम्मा वाटा शाळेच्या परीक्षांचा आणि निम्मा मे महिन्यातल्या केंद्रीय परीक्षेचा असतो. केंद्रीय परीक्षेची उत्तरपत्रिका आधी मुलांचा स्वतःचाच शिक्षक तपासतो. आपल्याकडे ऐकणारा लगेच हसेल. पण तीच उत्तरपत्रिका पुढे दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकाकडे जाते आणि दोघांना मिळून गुण ठरवावे लागतात. कोणत्या उत्तराला किती गुण द्यायचे याच्या सूचना पेपर झाला की सरकारी संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुल्या होतात. आमची मुलगी त्या संध्याकाळी पोहे खात खात आठवतील ती उत्तरं ताडून बघत होती. निकालानंतर सहा महिने उत्तरपत्रिका शाळेत जपून ठेवतात आणि मूल ती जाऊन पाहू शकतं. प्रश्न चुकीचा किंवा संदिग्ध वाटला तर तक्रार घ्यायला 'लाक्स' ही विद्यार्थ्यांचीच संघटना फोन घेऊन बसलेली असते. दरवर्षी तिच्याकडे लाखाच्या वर तक्रारी येतात. त्यातल्या बऱ्याच 'हॉलमध्ये उकडत होतं' छापाच्या असतात, ते सोडा.

शेजारच्या जर्मनीत शाळेचं वजन आणखी जास्त. तिथल्या आबिटुर या शालान्त परीक्षेला एकूण 900 गुण, त्यातले 600 शेवटच्या दोन वर्षांतल्या वर्गातल्या कामाचे आणि 300 अंतिम परीक्षेचे. त्यात एक तरी तोंडी परीक्षा असतेच. फ्रान्सचं बाकालोरेआ, म्हणजे तिथली शालान्त परीक्षा, 1808 मध्ये नेपोलियनच्या काळात सुरू झालं. चार तासांचा तत्त्वज्ञानाचा पेपर ही त्याची शान. तिथेही 2021 पासून 40 टक्के गुण वर्षभराच्या कामाला आहेत. इटलीत शंभरपैकी 40 शेवटच्या तीन वर्षांच्या शालेय कामगिरीचे. इंग्लंडने मात्र उलटी वाट धरली. तिथल्या ए-लेव्हल या शालान्त परीक्षेत गेल्या दशकातल्या सुधारणांनंतर जवळजवळ सगळा भार शेवटच्या परीक्षेवर आला.

या फरकाची कसोटी लागली 2020 मध्ये. कोरोनामुळे परीक्षा रद्द झाल्या तेव्हा फ्रान्सने वर्षभराचे गुण धरून निकाल लावला आणि नेदरलँड्सने शाळेच्या परीक्षांवर प्रमाणपत्रं दिली. इंग्लंडकडे हाताशी असं काहीच नव्हतं. म्हणून शिक्षकांनी अंदाजे दिलेल्या श्रेणी त्यांनी एका सूत्रातून काढल्या, आणि त्या सूत्रात शाळेचा जुना निकालही धरला. सुमारे 39 टक्के श्रेणी खाली आल्या. साध्या शाळेतल्या हुशार मुलांना शाळेच्या इतिहासाची शिक्षा मिळाली. मुलं रस्त्यावर उतरली आणि 17 ऑगस्टला सरकारला सगळं मागे घ्यावं लागलं.

आपलं 2021 आठवा. परीक्षा रद्द, सूत्र लावलं, दहावीचा निकाल 99.95 टक्के आणि बारावीचा 99.63. आपल्याकडे शाळेचे गुण होते, पण त्यांवर विश्वास कुणाचाच नव्हता. असणार तरी कसा? भाषांसारख्या विषयांचे अंतर्गत गुण, म्हणजे शंभरपैकी शाळेने द्यायचे वीस, काढले तेव्हा दहावीचा निकाल 2018 च्या 89.41 वरून 2019 मध्ये 77.10 वर आला. पुढच्या वर्षी गुण परत आले आणि निकाल 95.30 झाला. 2019 ला अभ्यासक्रम नवा होता आणि 2020 ला भूगोलाचा पेपर रद्द झाला, हे मान्य. तरी वीसपैकी अठरा-एकोणीस सरसकट वाटले जातात हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. माझी बहीण शिक्षिका आहे. ती म्हणते, "मी चौदा द्यायचे आणि पलीकडच्या शाळेने वीस, मग पालक माझ्याच अंगावर येणार ना?" तिचं काय चुकलं?

म्हणून माझी मागणी एवढीच की अंतर्गत गुण काढू नका. गुणपत्रिकेवर ते वेगळ्या रकान्यात छापा. आज लेखी आणि अंतर्गत दोन्हींची बेरीज तेवढी दिसते आणि वीसपैकी वीस त्या बेरजेत बुडून जातात. लेखीत 80 पैकी 31 आणि अंतर्गत 20 पैकी 20 असं शेजारी शेजारी छापलं की शाळेलाच आधी लाज वाटेल. मग असा मोठा फरक वर्षानुवर्षं दिसणाऱ्या शाळांची तपासणी करा. नेदरलँड्सच्या शिक्षण निरीक्षणालयाने अनेक वर्षं नेमका हाच फरक शाळानिहाय पाहिला आहे.

इथलं सगळं गोड आहे असं नाही. 2018 मध्ये मास्ट्रिक्टच्या एका शाळेने अंतर्गत परीक्षा नीट घेतल्याच नव्हत्या असं उघड झालं आणि 354 मुलांच्या केंद्रीय परीक्षा अवैध ठरल्या. शाळेवर विश्वास टाकायचा तर शाळा चुकल्यावर एवढं कडक व्हावं लागतं. आणि बाराव्या वर्षीच मुलांच्या वाटा वेगळ्या करण्याची इथली रीत मला आजही पटत नाही. ती कृपा करून आणू नका.

दुसरी मागणी घरातल्या अनुभवावरून. माझ्या भाच्याला बारावीला भौतिक, रसायन, गणित मिळून 300 पैकी 133 पडले. अभियांत्रिकीला 45 टक्के, म्हणजे 135 लागतात. पैसे भरून भौतिकशास्त्राच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली, तर पुरवणीच्या शेवटच्या पानावरचं उत्तर तपासलेलंच नव्हतं. पानावर लाल शाईचा ठिपकासुद्धा नाही. पुनर्मूल्यांकनात चार गुण वाढले, 137 झाले. तोवर प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या होत्या आणि त्याचं वर्ष गेलं. परीक्षकावर माझा राग नाही, गठ्ठ्यात शेकडो पुरवण्या असतात. पण गुणदानाच्या सूचना पेपरच्या संध्याकाळी जाहीर झाल्या असत्या आणि तपासलेली उत्तरपत्रिका निकालासोबतच ऑनलाइन, फुकट दिसली असती, तर हे पान त्याने पहिल्याच दिवशी दाखवलं असतं.

त्या पानाची प्रत सोबत जोडत आहे. भाच्याचा बैठक क्रमांक खोडला आहे.

कळावे,
आपली,
आइंडहोवनची एक पालक