आईने उंटिणीला ओळखलं

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला तो डॉक्युमेंटरी बघणाऱ्यांवरचा लेख काल वाचला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही, म्हणून सकाळी उठल्या उठल्या मोबाईलवर हे टाइप करतोय. लेखक खूप फिरलेले आहेत, लिहितातही चांगलं, त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही आकस नाही. पण पलंगावर पडून जग बघितल्याचं समाधान मानणारे लोक आळशी असतात, हे त्यांनी लिहायला नको होतं आणि तुम्ही छापायला नको होतं. माझी आई शेवटची चार वर्षं पलंगावरच होती.

खुबा मोडला, ऑपरेशन झालं, पण ती परत उभी राहिली नाही. ८१ वर्षांची होती. जन्मभर म्हशी सांभाळल्या, पंढरपूर, जेजुरी आणि एकदा मुंबई एवढाच तिचा प्रवास. पलंगासमोर टीव्ही लावून दिला, पण मालिका तिला आवडायच्या नाहीत, म्हणायची ह्या बायका कधी कामच करताना दिसत नाहीत. मग माझ्या मुलाने पेनड्राइव्हवर काय काय आणून दिलं, त्यात 'द स्टोरी ऑफ द वीपिंग कॅमल' होता. २००३ सालचा, मंगोलियातल्या गोबी वाळवंटातल्या एका धनगर कुटुंबाचा, चार पिढ्या एकत्र, गोल तंबूत राहणाऱ्या. भाषा मंगोलियन, खाली इंग्रजी अक्षरं. आईला दोन्ही येत नाही. मी थोडं वाचून सांगायला लागलो तर म्हणाली, "गप बस, मला कळतंय."

आणि खरंच कळत होतं हो! उंटीण अडली, घरच्यांनी मिळून पिल्लू ओढून काढलं, पांढरंशुभ्र पिल्लू, आणि ती त्याला जवळच येऊ देईना. मी अजून खालची अक्षरं लावत होतो तोवर आई म्हणाली, "लई त्रास झाला तिला, म्हणून राग धरलाय पिल्लावर. मीठ चोळा म्हणावं त्याच्या अंगाला." आपल्याकडे तसंच करतात ना, म्हैस रेडकाला घेईना की त्याच्या पाठीवर मीठ नाहीतर गूळ चोळायचा, म्हणजे ती चाटायला लागते आणि चाटता चाटता ओळख पटते. गोबीतल्या लोकांची रीत वेगळी आहे. त्यांनी घरातल्या दोन पोरांना उंटावरून लांब, सेंटरच्या गावाला पाठवलं, वाजवणारा माणूस आणायला. तो आला, त्याचं ते घोड्याचं डोकं कोरलेलं दोन तारांचं वाद्य, मोरिन खूर म्हणतात, ते आधी उंटिणीच्या पाठीवरच्या उंचवट्याला अडकवलं, मग काढून वाजवायला घेतलं, आणि घरातली तरुण बाई उंटिणीच्या अंगावरून हात फिरवत गात राहिली, तेच तेच सूर, परत परत. उंटिणीच्या डोळ्यांतून पाणी आलं. पिल्लू कासेला लागायच्या आधीच आई म्हणाली, "पान्हा फुटला बघ."

मी दूध संघात ३० वर्षं काढली. आम्हाला ट्रेनिंगला शिकवलेलं की पान्हा सुटतो तो ऑक्सिटोसिनमुळे आणि पिल्लाची ओढही तेच हार्मोन लावतं. तबेल्यात चोरून मारलेली इंजेक्शनं मी स्वतः पकडलीत, वासरू नसलं की सुई टोचून पान्हा सोडवायचा. तेच काम तिकडे एक बाई हाताने आणि गळ्याने करते हे मला साठी उलटल्यावर, त्या पलंगाच्या कडेला बसून कळलं. युनेस्कोने २०१५ मध्ये उंटिणीला अशी मनवायची ही प्रथा तातडीने जपायला हवी अशा परंपरांच्या यादीत घातली, हे मी नंतर वाचलं.

पण सांगायचं आहे ते पुढचंच. सिनेमा संपल्यावर आई बराच वेळ बोलली नाही आणि मग १९७२ च्या दुष्काळातलं सांगायला लागली. आमची चंद्री नावाची म्हैस होती, तिचं रेडकू मेलं, दूध आटायला लागलं. वडिलांनी रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे ठेवलं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे की आई रोज पहाटे चंद्रीच्या मानेला हात लावून बसायची आणि गायची. जात्यावरचीच ओवी, फक्त लेकीच्या नावाच्या जागी म्हशीचं नाव. तिने ती म्हणून दाखवली. मी तिचा मुलगा, आयुष्य तिच्यासोबत काढलं, त्यात दूध संघात नोकरी, आणि हे मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं ते मंगोलियातली एक बाई गायली म्हणून. लेखकांनी मला सांगावं, ह्यात आळस कुठे आहे?

आता प्रत्यक्ष जाण्याबद्दल. लेखात म्हटलंय की जागेवर गेल्याशिवाय माणसं कळत नाहीत. रिटायर झाल्यावर २०१८ मध्ये मुलाने हट्टाने आम्हा दोघांना दुबईला पाठवलं, टूर कंपनीबरोबर. वाळवंटात नेलं, उंटावर बसवलं, एक फेरी, दोन मिनिटं, फोटो, उतरा. उंटाच्या तोंडाला जाळी. मी उंटवाल्या पोराला मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, ही व्यालीय का, पिल्लू कुठंय, तर तो हसून काहीतरी सांगायला लागला तेवढ्यात आमचा टूर मॅनेजर ओरडला, "काका चला, मागे लाईन आहे." पोराचं उत्तर तसंच राहिलं. मग तंबूत जेवण आणि नाच. तो नाच रोज संध्याकाळी बस भरून येणाऱ्या आमच्यासारख्यांसाठीच चालतो. पैसे मुलाने घाम गाळून भरलेले, म्हणून तेव्हा तोंड उघडलं नाही. पण ज्या वाळवंटात मी पाय ठेवला तिथल्या उंटाबद्दल मला काही कळलं नाही आणि जिथे कधी जाणार नाही त्या गोबीतल्या उंटिणीचं बाळंतपण मला पाठ आहे.

डॉक्युमेंटरी म्हणजे सगळं रचलेलं असतं हे दाखवायला लेखात १९२२ च्या, कॅनडाच्या बर्फातल्या इनुइट लोकांवरच्या 'नानूक ऑफ द नॉर्थ'चं उदाहरण दिलंय. बरोबर आहे, मला ते मान्यच आहे. तो काढणाऱ्या रॉबर्ट फ्लॅहर्टीने बर्फाचं घर अर्धं उघडं ठेवून बांधून घेतलं कारण आत कॅमेऱ्याला उजेड पुरेना, बंदुका वापरणाऱ्या लोकांना भाल्याने शिकार करायला लावली, ग्रामोफोनची तबकडी दाताने चावून बघायला लावली, त्यांना जणू काही माहीतच नाही असं दाखवायला. त्यातल्या मुख्य माणसाचं नावही नानूक नव्हतं, अलाकारियालाक होतं. हे वाईटच केलं आणि बघणाऱ्याने ते लक्षात ठेवूनच बघायला हवं. उंटिणीच्या सिनेमातलेही काही प्रसंग मुद्दाम घडवून घेतलेले वाटतात, पण पान्हा कुणाला घडवून आणता येत नाही, हे म्हशी पाळणारा कुणीही सांगेल.

आणि सगळेच तसं करत नाहीत. 'हनीलँड' बघा, उत्तर मॅसिडोनियातला, २०१९ चा. वीज नाही, रस्ता नाही अशा ओस पडलेल्या गावात एक बाई अंथरुणाला खिळलेल्या आईला सांभाळत मधमाश्या पाळते. अर्धा मध तुम्हाला, अर्धा मला, असं माश्यांना म्हणते आणि तसंच वागते. शेजारी येऊन राहिलेलं कुटुंब सगळा मध काढून विकतं, मग त्यांच्या माश्या हिच्या माश्यांवर तुटून पडतात. तीन वर्षं शूटिंग चाललेलं, ४०० तासांच्या वर फिल्म. कुठली टूर तीन वर्षं एका घरापाशी थांबते? आमच्या साताऱ्यातच महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तिथे जाऊन मी पेट्या बघून आलो ते हा सिनेमा बघितला म्हणूनच, आधी कधी सुचलंच नाही.

वास येत नाही, थंडी लागत नाही, समोरच्याला प्रश्न विचारता येत नाही, हे लेखकांचं म्हणणं पूर्ण मान्य. ज्याला जाता येतं त्याने जावंच. पण ज्याला येत नाही त्याला हिणवू नका, एवढंच म्हणणं आहे.

आणखी एक. त्याच लेखाच्या खाली तुम्ही अर्धं पान टूरची जाहिरात छापलीत. वर म्हणायचं घरी बसणारे आळशी आणि खाली बुकिंगचा नंबर, हे मला बरं वाटलं नाही, तुमचा पेपर मी कॉलेजपासून वाचतोय म्हणून स्पष्ट लिहितो.

चॅनेलवाल्यांनाही कुणीतरी सांगा की ह्या डॉक्युमेंटऱ्यांवर हिंदी आवाज चढवताना मूळ माणसाचा आवाज पार दाबून टाकू नका. आईला त्या बाईचं गाणं ऐकू आलं ते पेनड्राइव्हवर तो आवाज तसाच होता म्हणून. खाली मराठी अक्षरं आली तर किती घरात बघितलं जाईल. आणि तुम्ही टीव्हीच्या कार्यक्रमांची चौकट छापायचात ती बंद केलीत, ती परत सुरू करा, आणि डॉक्युमेंटरी कुठल्या भाषेत आहे तेही त्यात द्या. आई गेल्या दिवाळीत गेली. शेजारच्या काकू आता अंथरुणाला आहेत, त्यांचा मुलगा मला विचारतो, काका, आईला आज काय लावून देऊ, आणि मला सांगता येत नाही.

आपला,
एक जुना वाचक, कराड